बाईंच्या गाडीतली चिवचिव

गाडी अजून कोपऱ्यावर वळायची असे, तेवढ्यात कानसेन शेडमध्ये बसल्या बसल्या सांगून मोकळे होत, "पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग." गाडी येऊन उभी राही, मालक खाली उतरून "काय झालंय कुणास ठाऊक" असं सुरू करी, तोवर कानसेन पाना घेऊन डाव्या चाकाशी उकिडवे बसलेले असत. मालक तोंडात बोट घाली. हा खेळ बघायला समोरच्या दुकानातली रिकामटेकडी मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसत. कानसेन हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते गल्लीनं ठेवलेलं. पण ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर त्यांना वाटे, काहीतरी सरकारी काम निघालेलं दिसतंय.

माणूस गुणी होता आणि आपण गुणी आहोत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मशीन जोडून गाडी तपासणाऱ्यांकडे बघून ते नाक मुरडत. "गाडी स्वतः बोलते हो," ते म्हणत, "तिचं ऐकायचं सोडून पडद्यावर काय बघता?" असं म्हणून झालं की ते मान जराशी कलती करून, डोळे मिटून इंजिनापाशी उभे राहत. ती कलती मान पाहिली की गिऱ्हाईक अर्धं निर्धास्त होई.

आणि नेमकं ह्याच माणसाचं ऐकणं गेलं.

सगळं गेलं असतं तर एक वेळ परवडलं असतं, निदान लपवायची सोय उरली नसती. माणसांचं बोलणं त्यांना कळे, इंजिनाची घरघर कळे, लांबून ट्रक आला तर आधी त्यांनाच कळे. गेले ते बारीक, उंच आवाज. सकाळी शेडच्या पत्र्यावर पाखरं जमत, माना वर करकरून चोची उघडत, आणि कानसेनांना वाटे, आज ही मंडळी मुक्यानं का भांडतायत? मग एकदा एक गाडी मागे येताना तिचा तो पीं-पीं आवाज त्यांना आलाच नाही. चाक पायाच्या अंगठ्याला घासून गेलं तेव्हा कळलं. गाडीचे खरे रोग त्या बारीक आवाजातच तर बोलतात.

कुणाला सांगायचं तर जीभ रेटेना. वैद्याची नाडीच हरवल्यासारखं ते झालं होतं. त्यांनी गुपचूप एक नवी विद्या कमावली, चेहरे वाचायची. इंजिन चालू करायचं, मान कलती ठेवायची, पण डोळे मिटायचे नाहीत. किलकिल्या डोळ्यांनी गिऱ्हाइकाच्या भुवया बघायच्या. भुवया आक्रसल्या की आवाज आला, सैल सुटल्या की थांबला. ह्या विद्येवर त्यांनी जवळजवळ वर्ष काढलं आणि फारसं कुठं अडलंही नाही. न अडण्यामागे आणखी एक गोष्ट होती, पण ती त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

ती गोष्ट म्हणजे त्यांची बायको. काउंटरवर बसून सुटे भाग देणं, खिळ्यांवर टांगलेल्या पट्ट्यांतून हवा तो न बघता ओढून काढणं, हे तिचं काम. गल्ली तिला काकी म्हणे. तशी शांत बाई, पण अलीकडे फार किरकिरी झाली होती. गाडी शेडमध्ये शिरली की काकी काउंटरवरूनच सुरू करी, "शी बाई, मागून किती कुईकुई करतेय ही!" नाहीतर, "ब्रेक दाबला की केवढी किंचाळते, कान फाटले माझे!" कानसेन वैतागत. "तुला काय त्यातलं कळतंय? गप्प बस जरा," म्हणत आणि मागच्या चाकाकडे नाहीतर ब्रेककडे वळत. वय झालं की बायका किरकिऱ्या होतात, असं त्यांनी स्वतःच्या मनाशी ठरवून टाकलं होतं. आपण वयानं तिच्यापेक्षा मोठे आहोत हे ते अशा वेळी सोयीस्कर विसरत.

शेजारी टायरवाल्याचं दुकान होतं. त्याला जागा कमी पडत होती आणि कानसेनांची शेड भाड्यानं हवी होती. पूर्वी असलं काही बोलला असता तर कानसेनांनी त्याला दारात उभा केला नसता. आता ते "बघू, विचार करतो" म्हणाले. घरी त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

"गुडघे दुखतात म्हणून कुणी शेड देऊन टाकतं का?" काकी म्हणाली. "उंच स्टूल घ्या."

"तुला नाही कळायचं ते."

"मला नाही कळायचं, हे तर गेली कितीतरी वर्षं ऐकतेय," ती म्हणाली आणि कपडे बॅगेत भरू लागली. तिच्या भावजयीचा पाय मोडला होता. थोडे दिवस भावाकडं राहून घर सांभाळायला ती निघाली होती. निघताना दारात थांबून तिनं जरा विचित्र नजरेनं नवऱ्याकडं पाहिलं. "मी येईपर्यंत मोठी कामं घेऊ नका," एवढंच बोलली.

ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी गाण्याच्या बाई आल्या.

गाण्याच्या बाई पलीकडच्या रस्त्यावर राहत. घरी शिकवण्या घेत आणि लांबच्या दोन शाळांतही शिकवायला जात. त्यामुळे त्यांची ती जुनी निळी गाडी म्हणजे त्यांचे हातपाय होते. स्वभावानं गोड, पण सुरात कुणी चुकलं की त्यांचा चेहरा लिंबू चावल्यासारखा होई.

"कानसेन, माझ्या गाडीत पाखरू शिरलंय," त्या उतरता उतरता म्हणाल्या. "चिव, चिव, चिव, चिव. पुढून, इंजिनाच्या बाजूनं. अगदी टिपेचा आवाज, आणि लय कशी पक्की! माझ्या एकाही विद्यार्थ्याला जमत नाही इतकी."

कानसेनांनी बॉनेट उघडलं. "चालू करा."

इंजिन सुरू झालं. त्यांना त्याची खालची, भरदार घुमघुम ऐकू आली, पंख्याचा वारा ऐकू आला. पाखरू काही ऐकू आलं नाही. त्यांनी मान कलती केली आणि बाईंच्या भुवयांकडे पाहिलं. भुवया चांगल्याच आक्रसल्या होत्या.

"हं," ते म्हणाले, "येतोय खरा."

ते "येतोय खरा" म्हणताना त्यांना स्वतःचीच किळस आली. पण तोंडातून निघून गेलं.

इंजिनाच्या बाजूला एक लांब रबरी पट्टा असतो. तो बऱ्याच पुल्यांवरून वळसे घेत फिरतो आणि बॅटरी भरण्यापासून पाणी फिरवण्यापर्यंत सगळ्यांना कामाला लावतो. चिवचिवाट येतो तो बहुतेक तिथूनच. कानसेनांनी इंजिन बंद करायला लावून टॉर्चच्या उजेडात पट्टा बघितला. आतल्या बाजूला बारीक भेगा होत्या. जुना पट्टा, भेगा पडलेल्या, आवाज करतोय, मग बदला. दुसऱ्या कुणी मिस्त्रीनं हेच केलं असतं आणि कानसेनांनी त्याची भर गल्लीत खिल्ली उडवली असती. "पट्टा तुटला म्हणजे पट्ट्याचा दोष, असं नसतं," ते एरवी म्हणत, "त्याला कोण छळतंय ते आधी शोधा." आज मात्र त्यांनी मुकाट्यानं खिळ्यावरचा नवा पट्टा काढला आणि चढवला.

बाईंच्या भुवया सैल झाल्या. "गेलं पाखरू! कमाल आहे तुमची." कानसेनांचा जीव भांड्यात पडला.

पाखरू थोड्याच दिवसांत परतलं. बाईही परतल्या, जरा ओशाळून, जणू चूक त्यांचीच होती. "पुन्हा तेच सुरू झालंय हो. पहिल्यासारखंच."

आता कानसेनांना पाण्याची परीक्षा घेणं भाग होतं. ती त्यांची आवडती परीक्षा. इंजिन चालू ठेवायचं आणि धावत्या पट्ट्यावर बाटलीतून थोडं पाणी उडवायचं. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे, घसरतोय. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पट्टा सरळ रेषेत धावत नाही, वाटेतली एखादी पुली कललेली आहे. शेंबड्या पोरालाही जमेल अशी परीक्षा, पण तिचा निकाल फक्त कानाला कळतो.

त्यांनी पाणी उडवलं. नजर बाईंच्या चेहऱ्यावर होती. बाईंच्या भुवया एकदम सुटल्या.

"गेला!" कानसेन विजयी आवाजात म्हणाले. "बघा, कसं शांत झालं. नवा पट्टा आहे, अजून बसायचाय. थोडा चालला की आपोआप गप्प होईल." आणि मान कलती करून, ह्या वेळी चक्क डोळे मिटून, ते त्या शांततेचा आस्वाद घेत उभे राहिले.

बाईंनी कानसेनांच्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग इंजिनाकडे, मग पुन्हा कानसेनांकडे. पोहून वर आल्यावर करतात तसं एक बोट कानात घालून हलवलं.

"हो," त्या शेवटी म्हणाल्या. "शांत झालं. झालं असेल."

कानसेनांनी डोळे उघडले तेव्हा ते कानातलं बोट त्यांना दिसलं. त्याचा अर्थ लावायची त्यांची हिंमत झाली नाही. बाई गाडी घेऊन गेल्या. कानसेन बराच वेळ बाटलीतलं उरलेलं पाणी जमिनीवरच्या तेलाच्या डागावर ओतत बसले. आपण कारागीर होतो, आता सोंगाडे झालो, असं त्यांना वाटलं आणि ते खरंच होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी टायरवाल्याला हाक मारून सांगितलं, "परवा या. पक्कं करून टाकू."

टायरवाला यायच्या दिवशीच दुपारी काकी परत आली, आणि आली ती निळ्या गाडीतून. बसथांब्यावर बॅग घेऊन उभी असताना गाण्याच्या बाईंनी तिला पाहिलं आणि शेडपर्यंत सोडते म्हणाल्या. वाटभर काकी भावजयीच्या प्लॅस्टरची कहाणी सांगत आली. गाडी शेडमध्ये शिरली, काकी खाली उतरली, आणि पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच तिची नेहमीची किरकिर सुरू झाली.

"शी बाई! ही पुढून चिवचिव करतेय की काय! पट्ट्यापाशी, त्या उजव्या अंगाला, किती जीव खाऊन ओरडतेय!"

गाण्याच्या बाई गाडीतून उतरायच्या थांबल्या. एक पाय आत, एक बाहेर.

"काकी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येतंय?"

"म्हणजे काय? बहिऱ्यालाही..." काकी बोलता बोलता अडली. तिनं नवऱ्याकडे चोरटं पाहिलं.

"खरंच येतंय ऐकू? आत्ता? तुम्हालाही?" बाई उतरून पुढे आल्या आणि त्यांनी काकीचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "अहो, मला वाटलं माझेच कान गेले. परवा कानसेन म्हणाले, शांत झालं, आणि मला तर आवाज येतच होता. आता कानसेन म्हणतात नाही म्हणजे नाहीच ना! म्हटलं, हा आवाज गाडीत नाही, आपल्या डोक्यात आहे. गाणाऱ्या माणसाच्या कानात असं काही वाजायला लागलं की सगळं संपलंच. परवापासून शिकवणी घेतली नाहीये मी. पेटीला हात लावायची भीती वाटतेय. उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

शेडमध्ये इंजिनाची घुमघुम तेवढी चालू होती. कानसेनांच्या हातात फडकं होतं. ते त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

सुटायला वाट होती. "अरेच्चा, परत सुरू झाला वाटतं" म्हणाले असते तर दोघींनीही मान डोलावली असती. ते म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही. पण बाई पदरानं डोळे पुसत होत्या. आपली अब्रू राखायला आपण ह्या बाईंचे कान काढून घेतले, हे त्यांना लख्ख दिसलं. एक वेळ पट्टा फुकट गेला तरी चालेल, पण हे कशात बसत नव्हतं.

"बाई, तुमचे कान ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "गेलेत ते माझे."

आणि न थांबता ते पुढे बोलत राहिले. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. वर्ष होत आलं. परवा मी तुमचं तोंड बघून ठोकून दिलं. तुमच्या गाडीतलं पाखरू मी एकदाही ऐकलेलं नाही. पाया पडतो, शिकवणी सुरू करा."

एवढं बोलून त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला धक्का बसेल, ती मटकन खाली बसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. काकी बॅग काउंटरखाली सरकवत होती.

"बोललात एकदाचे," ती म्हणाली.

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"अहो, घरात गजर पीं-पीं करत होता आणि तुम्ही त्या घड्याळाकडे बघत निवांत चहा पीत होतात. त्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला असतात तर मी बोलले असते. तुमच्यासारख्या माणसाला हे मी तोंडावर सांगायचं? तुम्ही तर कोलमडून पडला असतात." तिनं काउंटरवर पडलेला एक नट उचलून डब्यात टाकला. "म्हणून आपली ओरडत होते काउंटरवरून. मागून कुईकुई, पुढून किंचाळी. घसा बसला माझा वर्षभर. आणि तुम्ही वर मलाच गप्प बस म्हणायचात!"

कानसेनांच्या डोळ्यांसमोरून वर्षभरातल्या गाड्या एकामागून एक गेल्या. ती मागच्या चाकाची, ती ब्रेकची, ती दाराची बिजागरी. प्रत्येक गाडीआधी काउंटरवरून एक किरकिर. आपण चेहरे वाचून निभावलं असं समजत होतो, आणि निभावत होती ही. त्यांना लाज वाटली, हसू आलं, आणि आपल्या ह्या बायकोवर इतकी माया दाटून आली की काय करावं ते त्यांना सुचेना. म्हणून त्यांनी पाण्याची बाटली उचलली.

"इकडे ये," ते म्हणाले. "बाई, तुम्हीही या. मी पाणी उडवतो. काय होतं ते नीट सांगा. माझ्या तोंडाकडे बघू नका, आवाजाकडे लक्ष द्या."

दोघी बॉनेटपाशी आल्या. पाणी उडालं.

"थांबला!" काकी म्हणाली.

"आला," बाई लगेच म्हणाल्या. "परत आला. तोच स्वर, तीच लय. मध्ये जरासा विसावा."

"पुन्हा उडवतो."

"थांबला... आला."

"म्हणजे पट्ट्याचा काही गुन्हा नाही," कानसेन म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात जुनी धार आली. "कुठली तरी पुली कललीय. पट्टा तिरका घासतोय, म्हणून ओरडतोय. बंद करा इंजिन."

आता कानाचं काम संपलं होतं. त्यांनी पोलादी पट्टी घेतली आणि एकेका पुलीच्या तोंडाला आडवी लावत गेले. पहिली सरळ. दुसरी सरळ. तिसरीपाशी पट्टीखाली एका बाजूनं उजेडाची बारीक फट दिसली.

"सापडलं बेणं," ते म्हणाले.

ती पुली अगदी साधी होती. पट्ट्याला नुसतं वळण द्यायचं, बाकी काही करायचं नाही. "हिला कशाला म्हणून जुंपलेलं नसतं," कानसेन पट्टा सैल करता करता बाईंना समजावू लागले. "आपली मध्ये उभी राहून नुसती फिरायची. आमच्या मेहुण्यासारखी."

"माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही," काकी म्हणाली. "बायकोचा पाय मोडलाय म्हणून सध्या भांडी घासतोय तो."

"मग बिघडलेलाच म्हणायचा की तोही."

गाण्याच्या बाई खळखळून हसल्या. परवापासून पहिल्यांदाच हसत असाव्यात.

पट्टा उतरल्यावर कानसेनांनी ती पुली बोटांनी फिरवली. फिरता फिरता ती बोटांना सांगू लागली, इथं खरखर, इथं जरा डुगडुग. कडेला धरून हलवली तर चक्क डुलली. आतलं बेअरिंग खलास झालं होतं. हे कळायला कान लागलेच नाहीत. इतकी वर्षं कान कलता करून उभं राहायच्या डौलात आपली ही बोटं किती हुशार आहेत ते आपण कधी पाहिलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी काकीचा हात ओढून पुलीवर ठेवला. "बघ, लागतंय हाताला?"

"हो की. वाळू असल्यासारखं."

"तेच ते."

नवी पुली काकीनं मागच्या फळीवरून न शोधता काढून दिली. कानसेन ती बसवत होते तेवढ्यात टायरवाला आला. नवा शर्ट घातलेला, केस विंचरलेले. जागा मिळणार म्हणून स्वारी खुशीत होती. तो दारातूनच काहीतरी बोलला. त्याचा आवाज मुळात बारीक, त्यात शेजारी हवेचं मशीन चालू झालेलं.

कानसेनांनी काम थांबवलं. "मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

टायरवाला चपापला. समोरच्या दुकानातल्या खुर्च्या ह्या दिशेला वळल्या. "कुणाला? तुम्हाला? कानसेनांना?"

"हो, मला," कानसेन म्हणाले. ते समोरच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. आभाळ कोसळेल असं वाटलं होतं, ते जिथल्या तिथं राहिलं. "बारीक आवाज अजिबात नाही येत. आणि शेड देत नाही मी. तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा."

"अहो, पण ऐकू येत नाही तर गाड्या कशा दुरुस्त करणार?"

"ऐकायचं काम हिचं," कानसेन पान्यानं काकीकडे दाखवून म्हणाले. "वर्षभर तीच करतेय. मला आज कळलं."

टायरवाल्यानं काकीकडे पाहिलं. काकी पदर खोचून, एरवी कधी न दिसणाऱ्या तोऱ्यात उभी होती. तो हिरमुसला, पण माणूस वाईट नव्हता. "पुढेमागे विचार बदलला तर आधी मला सांगा," म्हणाला आणि जाता जाता स्वतःच्या दुकानातलं हवेचं मशीन बंद करून गेला. "तुमचं काम होईपर्यंत बंदच राहू दे," त्यानं भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं.

पट्टा चढला. पोलादी पट्टी पुन्हा सगळ्या पुल्यांना लागली, कुठं फट नाही. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन घुमू लागलं. कानसेनांनी मान कलती केली नाही. ते सरळ उभे राहून दोघींची वाट बघत राहिले. काकीनं वाकून ऐकलं, बाजू बदलून ऐकलं, इंजिन जरा वाढवायला सांगून ऐकलं. वर्षभर ओरडून घसा बसवलेली बाई, पण आता कधी नव्हे ते तिनं बराच वेळ घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "गेलं."

बाईंनी आत बसल्या बसल्या डोळे मिटले होते. त्यांनी इंजिनाच्या घुमघुमीत आपला एक स्वर हलकेच मिसळून पाहिला, आधी बिचकत, मग मोकळ्या गळ्यानं. तो स्वर खालचा, भरलेला होता आणि कानसेनांना स्पष्ट ऐकू आला.

"जागच्या जागी आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "सगळं जागच्या जागी आहे. संध्याकाळी बोलावते मुलांना." मग त्यांनी पर्समधून फोन काढला. "आधी त्या डॉक्टरांना कळवते, उद्या येत नाही म्हणून."

कानसेन फडक्यानं हात पुसत होते. बोटांचं काळं निघत नव्हतं, तरी पुसत होते. आता हे बोलणं मघाच्या बोलण्यापेक्षा अवघड आहे हे त्यांच्या लक्षात आलं. कान गेले हे सांगून झालं, पण ते कितपत गेले आणि किती उरलेत, हे दुसऱ्या कुणाकडून ऐकून घ्यायचं होतं.

"बाई," ते म्हणाले, "रद्द करू नका. ती वेळ मला द्या."

बाईंचं फोनवरचं बोट थांबलं. त्यांनी मान डोलावली आणि डॉक्टरांकडे कानसेनांसाठी वेळ मागू लागल्या. पलीकडून रोग्याचं खरं नाव विचारलं असावं, कारण बाई गोंधळून कानसेनांकडे बघू लागल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. काकीनं पुढे होऊन सांगितलं.

मग ती काउंटरमागे गेली आणि जुना पट्टा उगाचच गुंडाळू लागली. पाठ इकडे होती, पण खांदे हलत होते. कानसेन जवळ गेले.

"उद्या लवकर उघडायला नको शेड," ते म्हणाले. "मी जाऊन येतो दवाखान्यात. तू आराम कर. प्रवासानं दमली असशील."

काकीनं डोळे कोरडे करून वळून पाहिलं.

"एकटे कसे जाल?" ती म्हणाली. "मी येणार आहे. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला कुणीतरी नको का?"